हसू कुठे आलं ते लिहा : विनोदी पुस्तकावरचा अभिप्राय

पुस्तक विनोदी असलं की मित्रांना त्यातलं सांगताना शब्द कमी पडत नाहीत. मधल्या सुट्टीत डबा उघडायच्या आत सगळा प्रसंग हातवाऱ्यांसकट सांगून होतो. तेच पुस्तक शाळेच्या भित्तिपत्रकासाठी किंवा वाचनालयाच्या वहीत लिहायची वेळ आली की कागदावर चार वाक्यं उतरतात : ‘हे पुस्तक खूप मजेशीर आहे. मला फार आवडलं. चित्रं छान आहेत. सर्वांनी जरूर वाचावं.’ या वाक्यांच्या वरचं पुस्तकाचं नाव खोडून दुसरं कुठलंही घातलं तरी ती तशीच शोभतात. म्हणजे त्यांत त्या पुस्तकाचं असं काहीच नाही, आणि वाचणाऱ्याचंही नाही.

याला आळस कारणीभूत नसतो. रडू आलं तर ते मनात रेंगाळतं, हसू दोन सेकंदांत येऊन जातं. पान उलटलं की आपण कशाला हसलो ते आठवत नाही, ‘मजा आली’ एवढंच उरतं. म्हणून विनोदी पुस्तकावरचं मत लिहिण्याचं निम्मं काम वाचतानाच उरकावं लागतं. खालची पद्धत साधारण दहा ते सोळा वर्षांच्या वाचकांसाठी आहे. पहिल्यांदाच करत असाल तर दोनशे पानांची कादंबरी घेऊ नका, आठ-दहा पानांची एकच गोष्ट घ्या. बालभारतीचं ‘किशोर’ मासिक १९७१ पासून निघतं आणि त्याचे जुने अंक इंटरनेटवर मोफत वाचता येतात. त्यांत अशा गोष्टी भरपूर सापडतील.

पट्ट्या आणि ‘ह’

वहीच्या कागदाच्या बोटभर रुंद पट्ट्या कापा, बारा ते पंधरा. चिकट चिठ्ठ्या असल्या तर उत्तमच, पण साध्या कागदाने काही अडत नाही. वाचनालयाच्या पुस्तकात पेन्सिलनेही खूण करायची नाही. तुमच्यानंतर ते पुस्तक वाचणाऱ्याला ‘इथे हसायचं’ असं आधीच कळलं तर त्याचं हसू गेलंच म्हणून समजा.

वाचताना हसू आलं की त्या पानात पट्टी घाला आणि तिच्यावर ‘ह’ लिहा. ओठांवरच्या हसण्याला एक ‘ह’, तोंडातून आवाज निघाला तर दोन. उठून घरातल्या कुणाला तरी ते वाचून दाखवावंसं वाटलं तर तीन. बाकी काही लिहू नका, विचार करत थांबू नका, पुढे वाचत राहा. लेखकाने हसवायचा प्रयत्न केलाय हे दिसतंय पण आपल्याला हसू आलं नाही, अशा ठिकाणी पट्टीवर नुसती आडवी रेघ मारा. या रेघा पुढे फार उपयोगी पडतात, तेव्हा लेखक मोठा आहे म्हणून त्या गाळू नका. पहिल्या पन्नास पानांतच सगळ्या पट्ट्या संपल्या तर एक ‘ह’वाल्या काढून घ्या आणि पुढे वापरा.

इथे दोन चुका हमखास होतात. पहिली म्हणजे तुकड्यातुकड्यांनी वाचणं. बसमध्ये पाच मिनिटं, क्लासच्या आधी सात मिनिटं असं वाचलं तर विनोद पुरता चढतच नाही. एखाद्या पात्राच्या तोंडचं ठरावीक वाक्य चौथ्यांदा आल्यावर हसवतं, कारण आधीचे तीन वेळा आपल्या डोक्यात ताजे असतात. तेव्हा एक गोष्ट एका बैठकीत संपवा, त्याला पंधरा-वीस मिनिटं पुरतात. दुसरी चूक बरोबर उलटी. विनोदी कथांचा संग्रह एका दुपारी सलग संपवायचा. तिसऱ्या-चौथ्या कथेपासून लेखकाची हातोटी ओळखीची होते, पुढे काय येणार ते आधीच कळायला लागतं, आणि मग अभिप्रायात लिहिलं जातं की ‘शेवटच्या कथा कंटाळवाण्या आहेत’. त्या कथा बिचाऱ्या पहिल्याइतक्याच चांगल्या असू शकतात. मासिकांतून आणि दिवाळी अंकांतून एकेक करून वाचल्या जाव्यात म्हणून लिहिलेल्या कथा ढिगाने वाचल्या तर त्यांच्यावर अन्याय होतो. दिवसाला दोन पुरेत.

दुसऱ्या दिवशी पुस्तक पुन्हा घ्या आणि फक्त पट्ट्यांची पानं वाचा. काही ठिकाणी आता हसू येणार नाही. तिथे मजा अचानक काहीतरी घडण्यात होती, ते कळल्यावर ती संपली. काही ठिकाणी मात्र पुन्हा येईल, कधी कधी पहिल्यापेक्षा जास्त. त्या पट्ट्यांवर गोल करा. अभिप्राय या गोलांवर उभा राहतो.

हसू कशात दडलंय ते कसं शोधायचं

मराठीच्या तासाला विनोदाचे प्रकार सांगतात : शब्दनिष्ठ, प्रसंगनिष्ठ, स्वभावनिष्ठ. ही नावं माहीत असावीत, पण अभिप्रायात ‘यात प्रसंगनिष्ठ विनोद आहे’ एवढंच लिहून कुणाला काही कळत नाही. त्यापेक्षा एक साधी युक्ती वापरा. विनोदातली एक गोष्ट बदलायची आणि हसू उरतं का ते पाहायचं.

सगळ्यांना ठाऊक असलेल्या गोष्टीवर करून पाहू. लेकीकडे जाऊन, तूप-रोटी खाऊन जाडजूड झालेली म्हातारी भोपळ्यात बसून परत निघाली आहे. वाटेत वाघ विचारतो, म्हातारीला पाहिलंस का? आतून उत्तर येतं, ‘म्हातारी कोतारी मला नाही ठाऊक, चल रे भोपळ्या टुणुक टुणुक!’ आता ‘टुणुक टुणुक’ काढा आणि ‘भराभर चल’ घाला. गोष्ट तीच राहिली, पण अर्धी मजा गेली. म्हणजे ती अर्धी त्या आवाजात होती, आणि जड भोपळा उड्या मारत चाललाय हे चित्र त्या आवाजानेच उभं केलं होतं. आता ‘टुणुक’ परत ठेवा, पण उत्तर झाडावरच्या पोपटाला द्यायला लावा. पोपट हुशार वाटेल, हसू मात्र येणार नाही. ‘मला नाही ठाऊक’ म्हणणारी म्हातारीच आहे हे आपल्याला माहीत असतं आणि वाघाला माहीत नसतं, त्यातच सगळी गंमत आहे. तिसरा बदल करा. कोल्हा आणि अस्वल वगळून एकटा वाघच ठेवा. विनोद बिघडणार नाही, पण ऐकणाऱ्याची वाट बघण्यातली मजा जाईल. दुसऱ्या प्राण्यापर्यंत पोचलं की ऐकणारी पोरं ते उत्तर सांगणाऱ्याच्या आधीच ओरडतात, ती संधी नाहीशी होईल.

ही युक्ती कुठल्याही पुस्तकाला लावता येते, फक्त काय बदलायचं ते पुस्तकागणिक वेगळं. ‘व्यक्ती आणि वल्ली’मधला सखाराम गटणे छापील भाषेत बोलतो. त्याचं एखादं वाक्य तुमच्या वर्गातल्या मुलाच्या भाषेत लिहून पाहा. त्यात सांगितलेलं काहीच हरवत नाही आणि हसू पार नाहीसं होतं. द. मा. मिरासदारांच्या भोकरवाडीतला एखादा संवाद प्रमाण भाषेत उतरवा, काय होतं ते लगेच कळेल. मिरासदार, शंकर पाटील आणि व्यंकटेश माडगूळकर यांनी अशा कथा रंगमंचावरून सांगितल्या, त्यामुळे त्या मोठ्याने वाचाव्यात. मनातल्या मनात वाचताना शहरातल्या मुलांना ती भाषा अडखळवते. तोंडाने वाचल्यावर दुसऱ्या पानापासून तीच मजा द्यायला लागते.

‘मी’ म्हणून सांगितलेल्या पुस्तकांत आणखी एक प्रयोग करण्यासारखा आहे. एक परिच्छेद ‘मी’च्या जागी ‘तो’ घालून लिहून काढा. चिं. वि. जोशींच्या गोष्टी चिमणराव स्वतः सांगतो. आपण मोठ्या शहाणपणाने वागलो असं त्याला मनापासून वाटत असतं आणि फजिती आपल्याला दिसत असते. ‘तो’ घातला की हे दोघांमधलं अंतर मिटतं आणि उरतो नुसता एक वेंधळा माणूस. जेफ किनी यांच्या २००७ साली पुस्तकरूपाने आलेल्या ‘डायरी ऑफ अ विम्पी किड’ या इंग्रजी डायरीतला ग्रेग हेफ्लीही असाच. चूक नेहमी दुसऱ्याची असते असं तो लिहितो आणि ती त्याचीच आहे हे शेजारच्या चित्रात दिसतं. पुण्याचा बापडा चिमणराव १९३०च्या दशकात पुस्तकांतून आला, ग्रेग अमेरिकेतला शाळकरी मुलगा, आणि दोघांच्या विनोदाचं यंत्र एकच. अशी जोडी तुमची तुम्हाला सापडली तर तिच्यासाठी अभिप्रायात जागा ठेवाच. ती मलपृष्ठावर छापलेली नसते.

चित्रांतला विनोद तपासायला हात पुरतो. चारुहास पंडित आणि प्रभाकर वाडेकर यांची ‘चिंटू’ची पट्टी १९९१ पासून मराठी घरांत वाचली गेली, तिचे संग्रह सहज मिळतात. शेवटची चौकट तळहाताने झाका आणि आधीच्या चौकटींवरून शेवट काय असेल ते सांगा. मग हात काढा. अंदाज आणि शेवट यांत जेवढं अंतर, तेवढं हसू. नंतर शब्द झाकून नुसते चेहरे पाहा. पुष्कळदा चिंटू काहीच बोलत नसतो आणि आपण हसतो त्याच्या भुवयांना.

लिहायला बसल्यावर

अडीचशे ते तीनशे शब्द ठरवा. त्यातले गोष्ट सांगण्यासाठी साठ, फार तर सत्तर. हा आकडा पाळणं सगळ्यात कठीण जातं, कारण गोष्ट सांगायला सोपी असते आणि वहीचं पान पटकन भरतं. साठ शब्दांत कोण, कुठे आणि कशात अडकलंय एवढंच बसतं, आणि तेवढंच हवं.

सुरुवात पुस्तकाच्या नावाने करू नका. तीन ‘ह’ आणि वर गोल असलेल्या पट्टीपासून करा. त्या पानावर नेमकं काय आहे ते दोन-तीन वाक्यांत सांगा आणि हसू फुटायच्या एक पायरी आधी थांबा. पुढचं वाचकाला पुस्तकात सापडू दे. मूळ ओळी द्यायच्याच तर दोन, अवतरण चिन्हांत, जशाच्या तशा, पान क्रमांकासह. आठवणीतून ओळ लिहिली की शब्द मागेपुढे होतात, आणि विनोदात शब्द मागेपुढे झाला तर काय होतं ते आपण भोपळ्यात पाहिलंच. चित्रांच्या पुस्तकावर नमुन्यादाखल असं लिहिता येईल :

‘म्हातारी भोपळ्यात बसते हे मला आधीपासून माहीत होतं, तरी वाघाच्या पानावर मी हसले. चित्रकाराने भोपळ्याला एक बारीक भोक ठेवलंय आणि त्यातून म्हातारीचा एकच डोळा दिसतो. वाघ नेमका त्या भोकाकडे पाठ करून उभा आहे. माझ्या भावाने तो डोळा आधी पाहिला, मला दुसऱ्यांदा वाचताना दिसला.’

यात ‘मजेशीर’ हा शब्द नाही आणि पुस्तक हातात घ्यावंसं वाटतं. काय दिसलं, कुणाला, कितव्या वेळी, एवढंच सांगितलंय. ‘हास्याचे फवारे’, ‘विनोदाची पखरण’, ‘खुसखुशीत शैली’ हे शब्द मोठ्यांनी वापरून गुळगुळीत केले आहेत, ते उसने घेऊ नका. ‘हसून हसून पोट दुखलं’ हे खरंच दुखलं असेल तरच लिहा, आणि कुठल्या पानावर दुखलं तेही लिहा.

विनोद समजावून सांगण्याचा मोह होतो. ‘हे मजेशीर आहे कारण वाघाला वाटतं की भोपळा बोलतोय, पण खरं तर...’ असं लिहिताना आपणच कंटाळतो. आधी केलेली बदलाबदल तुमच्या स्वतःच्या समजुतीसाठी आहे. तिच्यातून हाती लागलेलं एकच वाक्य अभिप्रायात घाला, बाकीचा हिशेब वहीत राहू दे.

आडव्या रेघांचं काय करायचं

हसू न आलेल्या जागाच तुमचं मत प्रामाणिक आहे हे दाखवतात. पण ‘इथे विनोद फसला’ असं लिहिण्यापूर्वी तो का फसला ते शोधा, कारण दोष दर वेळी पुस्तकाचा नसतो.

जुन्या पुस्तकांत बऱ्याचदा वस्तूच ओळखीची नसते. आणा, टांगा, चाळीतला सामायिक नळ. दारात तारवाला आला की घरात का धावपळ उडते, हे तार म्हणजे बहुतेक वेळा वाईट बातमी एवढं माहीत असल्याशिवाय कळत नाही. आजी-आजोबांना विचारा आणि ते पान पुन्हा वाचा. आता हसू आलं तर तसंच लिहा : ‘आजोबांना विचारल्यावर मजा आली.’ पुढच्या वाचकाला ही सूचना फार कामाची आहे. विडंबनाचंही असंच. आचार्य अत्र्यांनी केशवकुमार या नावाने लिहिलेली ‘झेंडूची फुले’ वाचताना मूळ कविता शेजारी नसेल तर निम्म्याहून अधिक विनोद हातून निसटतो. आधी मूळ, मग विडंबन, दोन्ही मोठ्याने.

अनुवादित पुस्तकात शब्दांवरच्या कोट्या मरतात. मराठीतलंच उदाहरण घ्या : ‘निवडणुकीत काकांना हार मिळाली की मिळाला?’ यातलं सगळं हसू ‘हार’ या शब्दाच्या दोन लिंगांत आहे. दुसऱ्या भाषेत फुलांच्या हाराला आणि पराभवाला वेगवेगळे शब्द असले की काय उरणार? तसंच उलट दिशेनेही होतं. विनोदाखाली अनुवादकाची टीप दिसली की तिथे मूळ भाषेत कोटी होती असं समजा आणि लेखकाच्या नावावर रेघ मारू नका. काही अनुवादक तिथे स्वतःची नवी मराठी कोटी रचतात. तशी सापडली तर अनुवादकाचं नाव घेऊन कौतुक करा, ते काम फार अवघड असतं.

आणि काही जागा अशा असतात की हसू येतं आणि मागोमाग कसंतरी होतं. जाड्या मुलाची, तोतऱ्याची, काळ्या रंगाची, गावाकडच्या बोलीची, नापास झालेल्याची टिंगल. अशा वेळी दोन प्रश्न विचारा. इथे हसणं कुणावर चाललंय? आणि पुस्तकात त्या माणसाला उलटून बोलायची, एकदा तरी डाव जिंकायची संधी मिळते का? गावाकडच्या कथेत बोलणारे सगळेच त्या बोलीत बोलत असतील तर हसू बोलीवर नसून माणसांच्या करामतींवर असतं. शहरी घरातल्या एकट्या गड्याच्या तोंडी ती बोली घालून हसवलं असेल तर प्रकरण वेगळं. ‘मला हसू आलं आणि मग वाईट वाटलं’ हे वाक्य पूर्ण अभिप्राय आहे, ते लिहायला लाजू नका. पुस्तक कोणत्या काळातलं ते जरूर सांगा, पण तेवढ्यावर त्याला माफ करून टाकायलाच हवं असं नाही.

कुणाला द्याल?

‘सर्व वयोगटांसाठी’ हे शब्द कुणाच्याच उपयोगाचे नाहीत. घरात किंवा शेजारी लहान मूल असेल तर त्याला दोन पानं वाचून दाखवा आणि ते कुठे हसतं ते पाहा. सहा-आठ वर्षांची मुलं नाद, पडझड आणि तेच तेच पुन्हा येणं यांवर हसतात. विंदा करंदीकरांच्या ‘एटू लोकांचा देश’सारख्या उलट्यापालट्या जगाच्या कविता त्यांना पुन्हा पुन्हा हव्या असतात. नऊ ते बारा म्हणजे उद्योगी, खोडकर पोरांच्या गोष्टींचं वय : ना. धों. ताम्हनकरांचा गोट्या, भा. रा. भागवतांचा फुरसुंगीचा फास्टर फेणे, दिलीप प्रभावळकरांचा बोक्या सातबंडे. (दूरदर्शनवरचा चिमणरावही प्रभावळकरांनीच उभा केला होता.) स्वतःला फसवणारा निवेदक आणि विडंबन तेराच्या पुढे जास्त रुचतं. हे कप्पे ढिले आहेत. तुमचा अनुभव वेगळा असेल तर तोच लिहा.

तारे देण्याची सवय असेल तर त्यांच्या जागी पट्ट्यांचा हिशेब देऊन पाहा : ‘१६० पानांत ११ वेळा हसलो, ४ वेळा दुसऱ्या दिवशीही, ३ जागी हसू आलं नाही.’ त्याला जोडून ‘चिंटू आवडत असेल तर हे आवडेल, पण यात चित्रं कमी आहेत’ असं एक वाक्य द्या. साडेतीन ताऱ्यांपेक्षा यातून वाचणाऱ्याला खूप जास्त कळतं.

शिक्षक-पालकांनी हा अभिप्राय तपासताना शुद्धलेखन, पान क्रमांक आणि अवतरणं पाहावीत. मत दुरुस्त करू नये. ‘यातून तू काय शिकलास?’ हा प्रश्न तर विचारूच नये. तो विचारला जाणार हे ठाऊक असलं की मुलं हसण्याच्या जागा सोडून तात्पर्य शोधत वाचायला लागतात.

लिहून झाल्यावर पुस्तक न वाचलेल्या कुणाला तरी अभिप्राय मोठ्याने वाचून दाखवा. ‘मग पुढे काय झालं?’ असं विचारलं गेलं तर थांबण्याची जागा बरोबर निवडली. ‘म्हणजे नक्की कशाबद्दल आहे ते?’ असा प्रश्न आला तर साठ शब्दांतलं काहीतरी राहून गेलंय, ते भरा. शेवटी खाली पुस्तकाचं नाव, लेखक, अनुवादक, प्रकाशन, पानं आणि किंमत लिहा. चित्रकाराचं नाव मुखपृष्ठावर नसेल तर आतल्या पहिल्या-दुसऱ्या पानावर बारीक अक्षरांत असतं, ते शोधून लेखकाच्या नावाशेजारी, तेवढ्याच मोठ्या अक्षरांत घाला.